दुखणं अंगावर काढू नका : विद्यार्थ्यांच्या पत्रांना उत्तरं

या वेळच्या पत्रांच्या गठ्ठ्यात एक शब्दप्रयोग पुन्हा पुन्हा भेटला. ताप 'अंगावर काढला', खोकला 'अंगावर काढला', परीक्षा होती म्हणून चक्कर 'अंगावर काढली'. भिवंडीत ही सवय कुठून येते ते मला ठाऊक आहे. माग थांबला की मजुरी बुडते, गोदामात खाडा झाला की दिवस कापला जातो. आईबापांनी आयुष्यभर असंच केलं, आणि पोरं कॉलेजात गेली ती हीच सवय सोबत घेऊन. त्यामुळे वीस वर्षांच्या मुलामुलींची दुखणी माझ्याकडे येतात तीच मुळी सहा-आठ महिने जुनी होऊन. यातली बरीचशी लवकर दाखवली तर साधी असतात आणि त्यांच्या तपासण्या सरकारी दवाखान्यात फुकट होतात. म्हणून या वेळी सगळी पत्रं विद्यार्थ्यांची आणि त्यांच्या घरच्यांचीच निवडली आहेत. नावं अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचं घर कारखान्याच्या वर, माळ्यावर आहे. खाली चोवीस माग. वडिलांचे गुडघे दुखतात म्हणून आठवड्यातून चार रात्री मी त्यांच्या जागी पहाटे पाचपर्यंत मागावर उभा राहतो. सातला कॉलेज. वर्गात आवाज येतो, पण सर काय म्हणाले ते कळत नाही. शांत जागी गेलो की कानात शिट्टीसारखं वाजत राहतं. वाचलेलं टिकत नाही. बुद्धीसाठी एखादं टॉनिक सुचवा. (बी.कॉम., दुसरं वर्ष, नारपोली)

टॉनिक देणार नाही, कारण तुझ्या बुद्धीला काही झालेलं नाही. तुझ्या तक्रारी दोन आहेत, कान आणि झोप. आधी कानाचं पाहू.

कानाला ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसतो. त्यापुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते : ८८ ला चार तास, ९१ ला दोन. शंभरापर्यंत गेलं की जेमतेम पाव तास. पत्र्याच्या शेडमध्ये चोवीस माग एकदम चालतात, धोटा इकडून तिकडे आपटतो, तेव्हा आवाज शंभराच्या आसपास असतो. म्हणजे रात्रभराचा तुझा हिशोब पहिल्या पाव तासातच संपतो. कानाच्या आतल्या शंखात केसांसारख्या बारीक पेशी असतात. आवाजाचा मार बसला की त्या आधी दमतात, मग मरतात. दमलेल्या पेशी विश्रांतीने सावरतात, मेलेल्या पुन्हा उगवत नाहीत. कानातली शिट्टी ही त्या पेशींची तक्रार आहे. ती सुट्टीच्या दिवशी कमी होत असेल तर अजून वेळ गेलेली नाही, असं समजायला जागा आहे.

'आवाज येतो पण कळत नाही' हे तू अगदी नेमकं लिहिलं आहेस. मागाच्या आवाजाने आधी उंच पट्टीचं ऐकणं जातं, आणि स, श, च, फ, थ ही व्यंजनं त्याच पट्टीतली. स्वर खालच्या पट्टीतले, ते शाबूत राहतात. म्हणून माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते निसटतं. अकाउंटन्सीच्या वर्गात सर 'साठ' म्हणतात आणि तुला 'आठ' ऐकू येतं. मग बेरीज चुकते आणि तुला वाटतं आपण मठ्ठ आहोत.

ऑडिओमेट्री करून घे. काचेच्या बंद खोलीत बसवतात, कानावर हेडफोन लावतात, बारीक आवाज आला की बटण दाबायचं. अर्ध्या तासाचं काम, सुई नाही, दुखणं नाही. कागदावर आलेख निघतो. मागावरच्या माणसाचा आलेख लांबूनही ओळखू येतो : रेघ सरळ चाललेली असते, चार हजार हर्ट्झपाशी विहिरीत उतरल्यासारखी खाली जाते आणि आठ हजारला थोडी वर येते. तपासणीच्या आदल्या रात्री मागावर जाऊ नकोस, नाहीतर कान दमलेला असताना मोजमाप चुकतं. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे, १९८३ पासूनची, तिथे ही तपासणी चांगली होते. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाचा कान-नाक-घसा विभाग तुला जवळ पडेल. वडिलांनाही सोबत ने. घरात टीव्हीचा आवाज कुणामुळे वाढत गेला आहे ते तुला माहीत असेलच.

आणि आज संध्याकाळी मेडिकलमधून फोमचे इअरप्लग आण. कापसाचा बोळा चालणार नाही, त्याने आवाज फारसा अडत नाही. प्लग दोन बोटांत वळून काडीसारखा बारीक करायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. नीट बसला तर पंधरा-वीस डेसिबल कमी होतात. नुसता कानाच्या तोंडाशी चिकटवला तर काहीच होत नाही. सोबतचे कारागीर हसतील. पहिले चार दिवस हसतात, मग एकजण हळूच विचारतो की कुठून आणलेस.

आता झोप. दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेत. गाढ झोपेच्या टप्प्यात मेंदू दिवसाची आवराआवर करतो, कामाचं जपून ठेवतो. तू ज्या रात्री मागावर असतोस त्या रात्री ही आवराआवर होतच नाही. तुझ्या वयाला सात तासांहून कमी झोप पुरत नाही. ती एका तुकड्यात मिळत नसेल तर दोन तुकड्यांत घे, पण वेळा ठरलेल्या ठेव : कॉलेजातून आल्यावर जेवून साडेपाच वाजेपर्यंत, आणि पाळीला जाण्याआधी दीड तास. खिडकीला जाड चादर लाव, प्लग झोपतानाही वापर. पाळीत मध्यरात्रीनंतर चहा नको, त्याचा अंमल पाच-सहा तास राहतो. आणि रात्रीच्या पाळीनंतर बाईक चालवू नकोस. अंजूर फाट्याच्या कंटेनरच्या गर्दीत डुलकीचे दोन सेकंदही जास्त होतात. रिक्षाने जा, बसने जा.

चार रात्रींच्या दोन करता आल्या तर कर. हे लिहिणं सोपं आहे, घर चालवणं अवघड आहे, हे मी जाणतो. म्हणून उलट बाजूने सांगतो : वडिलांचे गुडघे आधी दाखवा. त्या दुखण्याचा इलाज झाला तर तुझ्या रात्री सुटतील. ते दुखणंही तुमच्या घराने असंच अंगावर काढलेलं दिसतं.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, पण विचारून ठेवतो. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळल्यासारखी होते का? पुढच्या दिवसांत ती कमी होते का? तसं असेल तर ती कापसाच्या धुळीची बाधा असू शकते. सूत कातणाऱ्यांत ती जास्त दिसते, मागावर कमी, पण दिसते. छाती तपासताना डॉक्टरांना 'मी मागावर काम करतो' हे आपण होऊन सांग. कॉलेजचं ओळखपत्र पाहून कुणी ते विचारणार नाही.

प्रश्न : मित्रांसोबत मावा खायची सवय लागली. दिवसाला पाच-सहा पुड्या. आता मिसळ खाल्ली की तोंडात आग होते. मी तंबाखू कमी आणि सुपारी जास्त घालून घेतो. म्हणजे धोका कमी ना? (आयटीआय, वंजारपट्टी नाका)

नाही. सुपारीच जास्त घातक ठरते आहे तुझ्या तोंडाला. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कर्करोग करते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने हे २००४ मध्येच नोंदवलं आहे. तिखटाची आग होणं ही गालाच्या आतली कातडी कडक होऊ लागल्याची पहिली खूण.

आत्ता, हे वाचता वाचता, तोंड पूर्ण उघड आणि आपलीच तीन बोटं एकावर एक उभी करून पुढच्या दातांमध्ये घालून बघ. तीन बोटं सहज गेली तर ठीक. दोनच जात असतील तर या आठवड्यात दातांच्या डॉक्टरला दाखव. आखडलेलं तोंड पूर्वीसारखं सैल होणं कठीण असतं. पण आज मावा सोडलास तर पुढचं आखडणं थांबू शकतं. सोडताना पहिले तीन-चार दिवस जड जातात : चिडचिड, झोप नाही, तोंडात काहीतरी हवंसं वाटणं. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडवणारी राष्ट्रीय फोनसेवा आहे, फुकट. तुला ठरलेल्या दिवसांनी त्यांचे परत फोन येतात, ते उचल. आणि ज्या टपरीवर उभा राहतोस तिथला रस्ता महिनाभर बदल.

प्रश्न : मी वाशिम जिल्ह्यातला. इथे राहनाळला गोदामात पॅकिंगला आहे आणि मुक्त विद्यापीठातून बी.ए. करतो. एका खोलीत आम्ही सहा जण. दीड महिना खोकला आहे, वजन कमी झालंय. गल्लीतल्या डॉक्टरांच्या औषधाने दोनदा बरं वाटलं आणि पुन्हा सुरू झालं. टीबी निघाला तर खोलीवाले काढतील, ठेकेदारही काढेल. म्हणून तपासायची भीती वाटते.

तुझी भीती खरी आहे, ती मी खोडून काढणार नाही. पण हिशोब असा मांड : तपासलं नाहीस तरी खोकला राहणारच आहे, आणि त्या खोलीतल्या पाच जणांना तो रोज मिळतो आहे.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायची, हा साधा नियम. तू तिप्पट थांबला आहेस. इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात किंवा महापालिकेच्या आरोग्य केंद्रात जा आणि 'थुंकीची तपासणी करायची आहे' एवढं म्हण. डबी देतील. सकाळी उठल्यावर, चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून काढलेला बेडका हवा, तोंडातली लाळ नको. यंत्रावरची तपासणी साधारण दोन तासांत सांगते की जंतू आहेत का, आणि त्यांच्यावर रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालतं का. सोबत छातीचा एक्स-रे. या सगळ्याला पैसे लागत नाहीत.

दोनदा बरं वाटून पुन्हा खोकला सुरू झाला, या तुझ्या वाक्यावर मी थबकलो. गल्लीतल्या दवाखान्यांत खोकल्याला लिव्होफ्लॉक्सासिनच्या जातीची अँटिबायोटिक्स सर्रास दिली जातात. ती टीबीच्या जंतूंना थोडं दाबतात, मारत नाहीत. चार दिवस बरं वाटतं, थुंकीत जंतू सापडेनासे होतात, निदान लांबतं. आधीच्या गोळ्यांची पाकिटं असतील ती घेऊन जा, डॉक्टरांना दाखव. आता नवीन काही विकत घेऊन खाऊ नकोस.

टीबी निघाला तर औषध सहा महिने, साध्या टीबीत. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, वजनाप्रमाणे एकाच गोळीत बांधलेली. लघवी केशरी होईल, घाबरू नकोस, तो रिफाम्पिसिनचा रंग आहे. पण डोळे पिवळे झाले, जेवण नकोसं होऊन उलट्या लागल्या किंवा लाल-हिरवा रंग ओळखताना गोंधळ होऊ लागला तर त्याच दिवशी दाखव. दुसऱ्या महिन्यात तुला इतकं बरं वाटेल की गोळ्या कशाला असं मनात येईल. बहुतेकजण तिथेच चुकतात, आणि मग सहा महिन्यांचं दुखणं दीड-दोन वर्षांचं होतं.

आता खोलीचं. औषध नीट लागू पडत असेल तर साधारण दोन आठवड्यांत माणूस दुसऱ्याला देईनासा होतो. तेवढे दिवस गावी जाता आलं तर जा. औषधाची नोंद निक्षय या सरकारी यादीत असते, त्यामुळे वाशिमलाही तुला त्याच गोळ्या मिळतील. जाता आलं नाही तर मास्क लाव, खिडकीजवळ झोप, खिडकी रात्रीही उघडी ठेव. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, टीबी ताटातून लागत नाही, हवेतून लागतो. आणि पाचही जणांना तपासणीला घेऊन जा. तू लपवलंस आणि त्यांना नंतर कळलं तर रागावतील. तू आधी सांगितलंस तर काहीजण तरी सोबत येतील, हा माझा अनुभव आहे.

पैशांचं : उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिन्याला १,००० रुपये बँक खात्यात येतात. आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढले. पासबुक आणि आधार घेऊन जा. पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, कापली जाते का ते ठेकेदाराच्या पावतीवर बघ. कापली जात असेल आणि हप्ते पुरेसे भरलेले असतील तर आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. ती मागायला लाजू नकोस. ते पैसे तुझ्याच पगारातून गेलेले आहेत.

प्रश्न : मी पडघ्याहून एसटीने येते. पहाटे साडेपाचला उठते, सकाळी काही खायला होत नाही. जिना चढताना धाप लागते, केस गळतात, दोनदा बसमध्ये डोळ्यांपुढे अंधारी आली. आई रोज बीटचा रस देते, तरी फरक नाही. दुसरं म्हणजे कॉलेजचं स्वच्छतागृह वापरवत नाही म्हणून दिवसभर पाणी पीत नाही. याचा संबंध असेल का?

दोन्हींचा संबंध आहे, पण वेगवेगळ्या दुखण्यांशी.

धाप, अंधारी, केस यावरून हिमोग्लोबिन कमी असावं असं वाटतं. बाईमाणसाचं १२ च्या वर हवं. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांचं ते कमी आहे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत आकडा ५४ टक्के आला. त्यामुळे घरात 'आम्हालाही असंच व्हायचं' म्हणतात. खरंच व्हायचं, कारण त्यांचंही कमी होतं. पडघ्याच्या आरोग्य केंद्रात रक्त तपास. राज्याच्या सरकारी रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे नाहीत.

बीटबद्दल आईला माझा नमस्कार सांग. बीट लाल आहे म्हणून ते रक्त वाढवतं हा समज फार जुना आहे, पण त्यात लोह अगदी थोडं. त्याऐवजी अळिवाचे लाडू, मोड आलेली मटकी वर लिंबू पिळून, बाजरीची भाकरी, लोखंडी कढईतली पालेभाजी. घरात चालत असेल तर कलेजी, सुकट, जवळा. आणि जेवणानंतर तासभर चहा नाही. चहा अन्नातलं लोह अडवतो, आणि आपल्याकडे नेमका जेवणावरच चहा होतो.

पण हिमोग्लोबिन दहाच्या आसपास किंवा खाली असेल तर नुसत्या खाण्याने भरून येत नाही, गोळी लागते. ती रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर. मळमळलं तर जेवणानंतर घे, पण सोडू नकोस. शौचाला काळं होईल, ते अपेक्षित आहे. कॅल्शियमची गोळी असेल तर ती दुसऱ्या वेळेला. महिन्याभरात हिमोग्लोबिन एक-दीडने वाढायला हवं. वाढलं नाही तर जंत, थायरॉइड आणि पाळीतला रक्तस्राव बघावा लागतो. पाळीत दर दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का, सात दिवसांपेक्षा जास्त जातं का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांग. आणि बारा झालं की गोळ्या थांबवायच्या नाहीत. पुढे आणखी तीन महिने घ्यायच्या, म्हणजे शरीरातला साठा भरतो.

सकाळचं : रात्रीच डब्यात शेंगदाण्याचा लाडू आणि केळं भरून ठेव. एसटीत बसल्यावर खा.

पाणी न पिण्याने लघवीला जळजळ होते, जंतुसंसर्ग होतो, थंडी वाजून ताप आला तर तो किडनीपर्यंत गेलेला असू शकतो. दिवसातून तीनदा तरी लघवीला जायलाच हवं. पण यात चूक तुझी नाही. मुलींनी तहानलेलं राहून शिकावं अशी अपेक्षा कुठल्याही कॉलेजने करू नये, आणि कडी तुटलेलं, पाणी नसलेलं स्वच्छतागृह म्हणजे तीच अपेक्षा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायलाच हवी. दहा मुलींच्या सह्यांनी अर्ज करा, आवक क्रमांक घ्या. अर्जात 'गैरसोय' असा गुळगुळीत शब्द नको. लिहा : तीनपैकी दोन दारांना कडी नाही, नळाला अकरानंतर पाणी नसतं, पॅड टाकायला डबा नाही. असं लिहिलं की उत्तर द्यावंच लागतं.

प्रश्न : माझा मुलगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तीन विषयांत केटी लागली. तेव्हापासून दोन महिने खोलीत बसून असतो, जेवत नाही, रात्री जागतो, मित्रांचे फोन उचलत नाही. परवा म्हणाला, 'मी नसतो तर तुमचा खर्च वाचला असता.' सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे, भगताकडे नेऊ. त्याचे वडील म्हणतात, आळस आहे, बोललं की डोक्यात काहीतरी भलतंच घ्यायचा. मी काय करू?

ताई, तुमचं पत्र हातात आलं त्याच दिवशी आपलं फोनवर बोलणं झालं. इथे छापतो आहे ते तुमच्या परवानगीने, दुसऱ्या घरांसाठी.

दोन महिने झोप, भूक आणि माणसं तिन्ही सुटली आहेत, याला आळस म्हणत नाहीत. आळशी पोराला मित्र हवे असतात, चमचमीत जेवण हवं असतं. हे नैराश्य आहे, आणि त्यातल्या त्या वाक्याला मी फार महत्त्व देतो. 'मी नसतो तर' हे वाक्य कुणाच्याही तोंडून आलं तर ते तसंच सोडून द्यायचं नाही.

त्याला सरळ विचारा. जेवायला वाढताना, घाईत, सगळ्यांसमोर नको. दार लोटून, शेजारी बसून, आवाज न चढवता : 'जीव द्यावा असं मनात येतं का तुझ्या?' विचारल्याने तसं डोक्यात भरतं, ही भीती चुकीची आहे. यावर जगभर अभ्यास झालेत, विचारल्याने धोका वाढत नाही. उलट आपल्या मनातलं सगळ्यात भयंकर कुणीतरी शांतपणे ऐकू शकतं हे त्याला कळतं. तो 'हो' म्हणाला तर रडू आलं तरी चालेल, पण 'आमचा विचार केलास का' असं म्हणू नका. 'आमच्यासाठी एवढं केलं' हेही नको. तो खर्चाच्याच ओझ्याखाली आहे. एवढंच म्हणा : 'बरं झालं सांगितलंस. आता हे तुझं एकट्याचं नाही.'

मग कामं. घरातल्या गोळ्या, आजोबांची औषधं, शेतातलं फवारणीचं औषध आजच कुलपात, किल्ली तुमच्या कनवटीला. पुढचे काही दिवस तो एकटा झोपणार नाही, कुणीतरी त्याच खोलीत झोपेल. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा नंबर. २०२२ च्या १० ऑक्टोबरला ही सेवा सुरू झाली. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. त्याने लावला नाही तरी तुम्ही लावा, आईलाही ते मार्ग सांगतात. तो घराबाहेर पडायला निघाला, किंवा आता करतोच म्हणाला, तर १०८ ला फोन करून थेट रुग्णालय, उद्याची वाट बघायची नाही.

मानसोपचारतज्ज्ञाला या आठवड्यातच दाखवा. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय भिवंडीहून लांब नाही, तिथला बाह्यरुग्ण विभाग रोजच्या पेशंटांसाठी असतो. नावाने दचकू नका, केसपेपर काढून दाखवून परत यायचं. गोळ्या सुरू झाल्या तर परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. या झोपेच्या गोळ्या नव्हेत, त्यांची चटक लागत नाही, पण मनाने बंद करायच्या नाहीत. पंचविशीच्या आतल्या मुलांत पहिल्या काही आठवड्यांत बेचैनी वाढू शकते, तेव्हा जास्त लक्ष ठेवायचं आणि तसं दिसलं की लगेच डॉक्टरांना कळवायचं. 'यापूर्वी कधी उलटं झालं होतं का, झोप न घेता फार उत्साहात, फार बडबड, पैसे उधळणं?' हे डॉक्टर विचारतील, आठवून ठेवा. उत्तरावर औषध बदलतं.

सासूबाईंशी भांडू नका. त्यांना नातवाची काळजी आहे आणि त्यांना माहीत असलेला रस्ता त्या सांगताहेत. नारळ ठेवायचा असेल तर ठेवू दे, अंगारा लावायचा असेल तर लावू दे. पण गोळ्या बंद नाहीत, उपास नाही, आणि कुणी अंगाला हात लावायचा नाही. भूत उतरवायचं म्हणून मारहाण करणं हा २०१३ पासून महाराष्ट्रात गुन्हा आहे.

वडिलांना माझा निरोप द्या. मुलाने जीव द्यायचा प्रयत्न केला तर पोलीस केस होते या भीतीने लोक दवाखान्यातसुद्धा खोटं सांगतात, आणि त्यात उपचाराचे तास जातात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं ठरवलं आहे, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत जुनं ३०९ कलम राहिलेलं नाही. त्याला शिक्षा नाही, त्याला उपचार द्यायची जबाबदारी सरकारची आहे.

केटीचं शेवटी, कारण ते सगळ्यात लहान आहे. या सत्रात परीक्षा नाही दिली तरी चालेल. अभ्यासाचं नाव महिनाभर काढू नका. डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन तुम्ही विभागप्रमुखांना भेटा, त्याला नेऊ नका. आत्ता त्याने सकाळी आंघोळ करून दारापर्यंत यावं आणि तुमच्यासोबत अर्धी भाकरी खावी, एवढंच मागा.

प्रश्न : आमच्या कॉलेजात समुपदेशन कक्ष आहे. पण तिथे गेलेलं सगळ्यांना कळतं, आणि मॅडम घरी फोन करतील अशी भीती वाटते. पुढे नोकरीला अडचण येईल का? आणि मी उर्दू माध्यमातली आहे, बोलताना अडखळते.

समुपदेशकाला तू सांगितलेलं गुप्त ठेवावं लागतं, त्याच २०१७ च्या कायद्यातला तो तुझा हक्क आहे. अपवाद एकच मोठा, तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर. पहिल्या भेटीतच विचार : 'मी सांगितलेलं तुम्ही कुणाकुणाला सांगता?' नीट उत्तर मिळालं नाही तर हवापाण्याच्या गप्पा मारून उठ, काही बिघडत नाही. कॉलेजबाहेर टेलि-मानस आहेच, तिथे उर्दूतही बोलता येतं. टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल सेवाही आहे : ९१५२९८७८२१. नोकरीच्या कागदपत्रांत समुपदेशनाची नोंद कुठेही जात नाही.

शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा आणि मदतीचे नंबर वर्गात, वसतिगृहात ठळक लावलेले हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे. तुमच्या कक्षाचं दार स्टाफरूमसमोर उघडत असेल तर ते हलवा अशी मागणी करा. सगळ्यांना दिसणाऱ्या दारातून कुणीच आत जाणार नाही.

अडखळण्याची काळजी करू नकोस. घरी बसून, ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत, चार ओळी कागदावर लिही : झोप किती लागते, कधीपासून असं होतंय, सगळ्यात वाईट वेळ दिवसातली कुठली, आणि कुणाला कळू नये असं वाटतं. आत जाऊन बस आणि तो कागद टेबलावर पुढे सरकव.